आप्पांची दुनळी : मळ्यातल्या एका बंदुकीचं प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष बागायतदार कुटुंबाचं आहे. लिहायला कुटुंबाची संमती आहे. गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं दिलेली नाहीत. घरात ज्या नात्याने हाक मारतात ती नातीच वापरली आहेत. माझा संबंध वकील म्हणून. शस्त्र परवान्याची कामं मी करतो, आणि बहुतेक अशिलांना परवाना कसा मिळेल एवढंच विचारायचं असतं. या घराने विचारायला नको तेही विचारलं, म्हणून हे सविस्तर मांडावंसं वाटलं.

## पार्श्वभूमी

गाव निफाड तालुक्यातलं, पण घर मळ्यात. या पट्ट्यात बाग जिथे, तिथे वस्ती. शेजारची वस्ती बॅटरीच्या उजेडाच्या टप्प्यात, आणि मधे ऊस. घरात आप्पा, वय 84. त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. थोरला बाग बघतो. धाकट्याचं पिंपळगावला खतं-औषधांचं दुकान आहे, रात्री तो वस्तीवरच असतो. थोरल्याचा मुलगा 19 वर्षांचा, नाशिकला कॉलेजला, शनिवारी-रविवारी घरी.

आप्पांकडे बारा बोअरची दुनळी. परवाना 1980च्या दशकातला, पीक आणि वस्तीच्या संरक्षणासाठी घेतलेला. बंदूक आप्पांच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, किल्ली उशाशी. दसऱ्याला ती पाटावर निघायची, हळदकुंकू लागायचं आणि परत आत जायची. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, आचारसंहिता संपली की आणायची. गेल्या वीस वर्षांत बंदूक घराबाहेर पडली ती बहुतेक एवढ्यासाठीच.

दुसरी बाजू पैशांची. निर्यातीचा माल कंपनीमार्फत गेला तर पैसे खात्यावर येतात. लोकल मार्केटचा माल बाहेरगावचे व्यापारी उचलतात. माल उचलायचा, चेक द्यायचा आणि चेक वटण्याआधी गाशा गुंडाळायचा, असल्या फसवणुकीच्या तक्रारी जिल्ह्यात हंगामागून हंगाम होत आल्या आहेत. म्हणून शेतकरी शहाणा झाला : गाडी भरली की रोख मोज. परिणाम असा की हंगामाच्या शेवटी मळ्यातल्या कपाटात जेवढी रोकड असते तेवढी एरवी कधी नसते, आणि ही गोष्ट ठाऊक नाही असा पंचक्रोशीत माणूस नाही.

## घटना

एप्रिलमधल्या एका रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला. पाच-सहा जण, तोंडं बांधलेली, हातात कोयते आणि लोखंडी गज. पुढचं दार लाथांनी उचकटलं. घरधनी उठून बसेपर्यंत कोयता त्याच्या मानेला होता. बायकांच्या अंगावरचं सोनं आणि कपाटातली रक्कम घेऊन ते उसातून निघून गेले. एकाच्या हातात कट्टा होता असं घरातली म्हातारी सांगते. इतर कुणी पाहिला नाही.

सकाळी श्वानपथक आलं, ठसे घेतले गेले, स्थानिक गुन्हे शाखेची गाडी आठवडाभर फिरत राहिली. पुढे काही संशयित पकडले गेले. टीप देणारा त्या घराचे व्यवहार माहीत असलेल्यांपैकीच निघाला. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

तिसऱ्या दिवशी थोरला माझ्यासमोर बसला होता. दोन मागण्या : आप्पांची बंदूक माझ्या नावावर करा, आणि मला रिव्हॉल्व्हरचा परवाना काढून द्या. "वकीलसाहेब, त्याच्याकडं बंदूक असती तर ते आत शिरले असते का?"

## अडचण होती ती वेगळीच

आप्पांचं परवान्याचं पुस्तक मी मागवलं. नूतनीकरणाची मुदत संपून दोन वर्षं उलटली होती. आप्पांच्या लक्षातून गेलं, मुलांना कधी माहीतच नव्हतं. म्हणजे दसऱ्याला पूजलेली ती बंदूक त्या घडीला विनापरवाना शस्त्र होती. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 25 खाली हा गुन्हा होतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन, कमाल पाच वर्षं झाली आहे. दरोडेखोरांच्या भीतीने माझ्याकडे आलेलं घर आधी कायद्याच्या कचाट्यातून सोडवायचं होतं.

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. कुणीतरी थोरल्याला सल्ला दिला होता की गप्प राहा, आधी नाव बदलून घे, मग नूतनीकरणाचं बघू. हा सल्ला ऐकू नये असं मी स्पष्ट सांगितलं. कायद्यात याची वाट आहे : कलम 21 प्रमाणे, परवान्याची मुदत संपल्याने ताबा बेकायदा झाला असेल तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा करायचं. आपण होऊन जमा करणाऱ्याकडे आणि झडतीत सापडणाऱ्याकडे ठाण्यात एकाच नजरेने पाहत नाहीत. शिवाय शेजारी दरोडा पडल्यावर पोलीस परिसरातल्या परवानाधारकांची यादी काढणारच होते.

काडतुसं त्याच दिवशी पाहायला मिळाली. देव्हाऱ्यावरच्या माळ्यावर, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पितळी बूड हिरवट पडलेलं, दोन-तीन काडतुसांची नळी दमटपणाने फुगलेली. ती बंदुकीत बसलीच नसती. बसली असती तर उडाली असती की अडकली असती, कुणी सांगू शकलं नसतं. या बंदुकीच्या भरवशावर घर चाळीस वर्षं निर्धास्त झोपत होतं.

## समोर असलेले पर्याय

वारसाने नाव बदलणं सोपं होतं. शस्त्र नियम, 2016 मध्ये सोय आहे : परवानाधारक वारला तर, किंवा त्याने वयाची सत्तरी गाठली असेल वा शस्त्र 25 वर्षं बाळगलं असेल तर कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. आप्पा दोन्ही निकषांत बसत होते. आधी उशिराचं कारण देऊन नूतनीकरण, मग हस्तांतरण, इतर वारसांची ना हरकत, पोलीस अहवाल, शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण, घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. वस्ती ग्रामीण हद्दीत, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. नाशिक शहरात राहत असते तर पोलीस आयुक्तांकडे जावं लागलं असतं. वेळ लागला असता, पण काम झालं असतं.

रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. कायदा लांब नळीच्या साध्या बंदुकीकडे जरा सैल हाताने बघतो. पिकासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी बारा बोअर मागणाऱ्याला आणि कमरेला लावायचं हत्यार मागणाऱ्याला सारखे प्रश्न विचारले जात नाहीत. दुसऱ्याला 'तुमच्याच जिवाला काय धोका आहे' हे दाखवावं लागतं. शेजारी दरोडा पडला हा धोका सगळ्या शिवाराचा. एकट्या थोरल्याचा नव्हे. आणि खरं सांगायचं तर रिव्हॉल्व्हर मागणाऱ्या बऱ्याच जणांना चोराला ती दाखवायचीच नसते. लग्नात, सोसायटीच्या निवडणुकीत शर्टाखाली दिसली की झालं. हळदीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी 2019 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी वेगळी तरतूद करावी लागली, ती उगाच नाही. थोरला तसा माणूस नाही. पण भीतीत थोडा रुबाब मिसळलेला होता, हे त्याच्या भावानेच मला सांगितलं.

तिसरा एक पर्याय कुणी कागदावर मांडत नाही. मालवाहतुकीच्या ओळखीतल्या एकाने थोरल्याला 'सामान' आणून देतो म्हणून सांगितलं होतं. नाशिक मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीकडचे गावठी कट्टे उत्तर महाराष्ट्रात पकडले जातात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. थोरल्याने हे मला चहा पिता पिता, सहज सांगितलं. मी त्याला कलम 25 वाचून दाखवलं आणि विषय तिथेच संपवला. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की तीन दिवसांपूर्वी ज्याच्या डोक्यात बंदूक नव्हती त्याच्यापर्यंत तिसऱ्या दिवशी कट्टा विकणारा पोचला होता. परवान्याची वाट महिन्यांची, ही वाट एका फोनची. आपल्याकडे बंदूक वापरून होणाऱ्या खुनांत बहुतांश हत्यारं विनापरवाना असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत दिसत आलं आहे.

चौथा पर्याय बंदूक विकून किंवा कायमची जमा करून मोकळं होण्याचा. हा पर्याय पहिल्या बैठकीत मांडलासुद्धा गेला नाही. आप्पांसमोर ते कोण बोलणार?

बिबट्याचाही मुद्दा निघाला. गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे, वस्तीवरची कुत्री नेतो. पण बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावर बार काढला तर आयुष्यभर तारखा कराव्या लागतील. तो मुद्दा तिथेच सोडला.

## अमेरिकेचा दाखला

बैठकीत खरा जोर आला तो भाचेजावयांच्या व्हिडिओ कॉलने. ते टेक्सासला असतात. "मामा, इकडे घरोघरी गन असते. म्हणून रात्री घरात शिरायची कुणाची हिंमत होत नाही." थोरल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू निकाल लागला.

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. घरात बंदूक असेल ही भीती चोराला रोखते, असं मांडणारे अमेरिकेत आहेत, आणि जॉन लॉट या अर्थतज्ज्ञाने 1990च्या दशकात बंदूक बाळगण्याचे परवाने सैल केलेल्या राज्यांत गुन्हे घटल्याचा दावा आकडेवारीनिशी केला होता. तो वाद इतका पेटला की तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने समिती नेमली. 2004 च्या अहवालात समितीने सांगितलं की उपलब्ध पुराव्यावरून त्या कायद्यांमुळे गुन्हे वाढतात किंवा कमी होतात, असं काहीच ठामपणे म्हणता येत नाही.

मात्र तो वाद कमरेला बंदूक लावून रस्त्यावर फिरण्याचा. आपला प्रश्न घरातल्या बंदुकीचा. त्यावर फिलिप कुक आणि जेन्स लुडविग यांनी घरफोड्यांची आकडेवारी तपासली. ज्या भागात घरोघरी बंदुका जास्त, तिथे घरफोड्या कमी आढळल्या नाहीत. उलट काहीशा जास्तच आढळल्या. त्यांनी सुचवलेलं एक कारण आपल्या शेतकऱ्यालाही पटेल : चोराच्या दृष्टीने बंदूक हा सोन्यासारखाच माल आहे. हलकी, महाग, लगेच विकली जाणारी. घरधनी बाहेर गेला की ती राखण करत नाही, तिचीच राखण करावी लागते.

घरात बंदूक असणं आणि त्याच घरातल्या माणसाचा खून होणं, यावर आर्थर केलरमन यांचा 1993 चा अभ्यास प्रसिद्ध आहे : बंदूक असलेल्या घरांत खुनाची शक्यता 2.7 पट. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती, कारण ज्याला आधीच धोका आहे तोच बंदूक घेतो, मग बंदुकीमुळे धोका वाढला की धोक्यामुळे बंदूक आली? म्हणून मला 2022 चा कॅलिफोर्नियातला अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी स्वतः बंदूक न बाळगणाऱ्या लाखो लोकांचा मागोवा घेतला, ज्यांच्यासोबत राहणाऱ्या कुणीतरी बंदूक घेतली होती त्यांचा. अशा लोकांचा खून होण्याचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांपेक्षा दुपटीहून अधिक निघालं. जोडीदाराकडून गोळी घातली जाण्याचं प्रमाण सात पट, आणि त्यात बहुतेक बायका. बाहेरच्या अनोळखी माणसाच्या हातून घरात मरण येण्याचं प्रमाण बंदुकीमुळे घटलं, असं काही दिसलं नाही.

हे सगळं तिथलं. जशास तसं निफाडला लावू नये, हेही मी सांगितलं. स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या 2017 च्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत दर 100 माणसांमागे सुमारे 120 बंदुका, भारतात पाचच्या आसपास, आणि त्यातल्याही बहुसंख्य नोंद नसलेल्या. पण हा फरक भाचेजावयांच्या मुद्द्यालाच आधी अडवतो. चोर घाबरायचा तर त्याला प्रत्येक दारामागे बंदूक असेल असं वाटायला हवं. आपल्याकडे शिवारात एखाद-दोन घरी परवाना, आणि तो कुणाकडे आहे हे गावाला माहीत. शेजारच्या वस्तीवरचे दरोडेखोर टीप घेऊन आले होते. टीप देणाऱ्याला कपाटातले पैसे माहीत असतील तर कपाटातली बंदूकही माहीत असते. ज्या घरी ती आहे तिथे ते दोन माणसं जास्त आणतील, किंवा पहिला घाव बंदूकवाल्यावर घालतील.

## बांबूची तालीम

धाकट्याच्या डोक्यातून एक कल्पना निघाली, आणि आकड्यांपेक्षा तिनेच जास्त काम केलं. बंदूक तोवर ठाण्यात जमा झाली होती. त्याने कपाटात तिच्या जागी मांडवाचा एक बांबू उभा केला, माळ्यावरच्या डब्यात काडतुसांऐवजी दोन पेन ठेवली, आणि भावाला म्हणाला, "दादा, रात्री मी कधी तरी कुत्र्याला भुंकवीन. तू बांबू घेऊन पडवीत ये."

थोरला झोपेतून उठला, आधी चष्मा शोधला. आप्पांच्या खोलीचं दार आतून लावलेलं. ते ऐकायला कमी येत असल्याने उठेनात. दार उघडल्यावर किल्ली उशाखालून निसटून गादीखाली गेलेली. मग कपाट, मग स्टूल, मग माळा, डबा. पडवीत पोचेपर्यंत दोन मिनिटं कधीच उलटली होती, नातवंडं जागी होऊन मधल्या खोलीत उभी होती, आणि थोरल्याच्या हातातला बांबू नेमका त्यांच्याच दिशेला होता.

शेजारच्या वस्तीवर दार तुटण्यापासून मानेवर कोयता येण्यापर्यंत याच्या चतुर्थांश वेळही लागला नव्हता. वेळ वाचवायचा तर बंदूक भरून उशाशी ठेवायला हवी. ती तशी ठेवली तर सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र खोटं ठरतं आणि नातवंडांच्या हाती लागायची भीती. कुलपात ठेवली तर हाताशी नाही, हाताशी ठेवली तर कुलपात नाही. मधला रस्ता लोखंडी तिजोरीचा, अंगठ्याने उघडणाऱ्या. तो खर्च करायला थोरला तयार होता. तिथे थोरल्या सूनबाई बोलल्या.

## विचारला न गेलेला प्रश्न

त्या तोवर चहा आणत होत्या आणि परत जात होत्या. त्यांनी सासऱ्यांकडे न बघता, माझ्याकडे बघून सांगितलं : "वकीलसाहेब, ज्या वर्षी अवकाळीनं बाग झोपली, त्या वर्षी मी औषधाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला ठेवली होती. चार महिने. आता बंदुकीची किल्ली कुठं ठेवू?"

कुणी काही बोललं नाही. थोरला अंगणात निघून गेला. त्या काळात तो जेवत नव्हता, रात्रीचा बागेत बसून राहायचा, 'माझ्याशिवाय तुमचं अडणार नाही' असं दोनदा बोलला होता. धाकट्याला हे अर्धवट माहीत होतं, आप्पांना अजिबात नाही. बाग सावरली, तोही सावरला. दवाखान्यात मात्र कधी गेला नव्हता.

परवान्याच्या अर्जात शत्रू बाहेरचा विचारतात. पोलीस अर्जदारावरचे गुन्हे पाहतात. अर्जासोबत प्रकृतीचा दाखला लागतो, पण तो दाखला देणारा डॉक्टर घरातल्या बाईला बोलावून विचारत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियाच्याच अभ्यासात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या पुरुषांचा बंदुकीने आत्महत्या करून मृत्यू होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठ पट दिसलं होतं. हा आकडा मी त्या घरात उच्चारला नाही. गरज नव्हती. माणूस खचलेला असतो तो काळ बहुधा सरतो. त्या काळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ ठरतं, हे त्या बाईला कुठलाही अभ्यास न वाचता कळलं होतं. मी धाकट्याला बाजूला घेऊन टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिला आणि दादाला नाशिकला मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा नेऊन आण म्हटलं. त्या दिवशी कायद्याचं काम एवढंच झालं.

## निर्णय आणि कृती

नंतरच्या आठवड्यात धाकटा आणि थोरला दोघेच आले. थोरल्यानेच विषय काढला. दुनळी नावावर करायची नाही, असं ठरलं. रिव्हॉल्व्हरचा अर्ज मात्र तो करणार होता. मी माझं मत सांगितलं, अर्ज त्याचा होता.

आप्पांची समजूत घालणं सर्वांत अवघड गेलं. त्यांच्या लेखी बंदूक जाणं म्हणजे घराची पत जाणं. शेवटी त्यांना पटला तो कायद्याचा धाक. जमा केलेलं शस्त्र ठरलेल्या मुदतीत सोडवलं किंवा विकलं नाही तर सरकारजमा होतं, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "सरकारला फुकट नको. विका." परवानगी घेऊन बंदूक विक्रेत्यामार्फत दुसऱ्या परवानाधारकाला गेली. काडतुसं ठाण्यातच जमा झाली.

बाकीचं काम बंदुकीचं नव्हतं. पुढच्या दाराला चॅनल गेट, मागच्या दाराला लोखंडी पट्टी, दोन्ही वस्त्यांच्या मधल्या खांबावर एलईडी दिवा. सोनं पिंपळगावच्या बँकेच्या लॉकरमध्ये. आठ वस्त्यांचा एक फोनगट. ग्रामसुरक्षा यंत्रणेत गावाची नोंद आधीच होती. तिच्यात एकाने फोन करून बोललेला निरोप त्याच्याच आवाजात गावातल्या सगळ्या फोनवर जातो. पण वस्तीवरच्या अर्ध्या लोकांचे नंबर जुने होते. ते बदलून घेतले. 112 ला फोन केला तर गाडीला वस्ती सापडायला कुठली खूण सांगायची, हे मुलांकडून पाठ करून घेतलं. रात्रीच्या अंधारात 'पाटाच्या अलीकडची तिसरी वस्ती' असं पोलिसांना सांगून भागत नाही.

स्वसंरक्षणाचा प्रश्न धाकट्याने शेवटी विचारला : "समजा हाणामारी झाली आणि आमच्या हातून एखादा मेला तर?" भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 प्रमाणे जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी होत असताना मालमत्तेच्या बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि चोर पाठ फिरवून पळत असताना मागून घातलेला घाव या आडोशाखाली येईलच असं नाही. हे काठीला लागू, तसंच बंदुकीलाही. फरक एवढाच की काठीचा घाव अर्ध्यावर आवरता येतो.

## काय वेगळं करता आलं असतं

परवान्याची मुदत घरातल्या दुसऱ्या कुणाला माहीत असती तर निम्मी धावपळ वाचली असती. 2019 पासून मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, म्हणजे विसरायला आणखी वाव. जिथे आजोबांच्या नावावर बंदूक आहे तिथे नातवाच्या मोबाईलमध्ये ती तारीख असावी.

थोरल्या सूनबाईंना पहिल्याच बैठकीत बसवायला हवं होतं. घरातला कोण कधी कसा वागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यांनाच शेवटी विचारलं गेलं. खरं म्हणजे विचारलं गेलंच नाही, त्याच बोलल्या. आता परवान्याच्या कामाला आलेल्या अशिलाला मी घरच्या बाईसह यायला सांगतो. निम्मे परत येत नाहीत.

विक्रीचा निर्णय घाईचा झाला, असं धाकट्याला अजून वाटतं. त्याच्या मते आप्पांच्या हयातीत ती विक्रेत्याकडे अनामत ठेवता आली असती. त्यात तथ्य आहे. आप्पा यंदाच्या दसऱ्याला पाटाजवळ बसले नाहीत.

आणि रोकड. दरोडा पडला तो पैशांच्या टीपेवर. पण बैठकांमध्ये पहिले काही आठवडे सगळं बोलणं बंदुकीभोवती फिरत राहिलं. पैसे घरी का ठेवावे लागतात हा प्रश्न सर्वांत शेवटी आला.

## सध्याची स्थिती

थोरल्याचा रिव्हॉल्व्हरचा अर्ज नामंजूर झाला. वैयक्तिक धोका स्पष्ट होत नाही, असा पोलीस अहवाल होता. अपील करायचं का, हे त्याने ठरवलेलं नाही. तो मानसोपचारतज्ज्ञाकडे दोनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा गेला नाही.

वस्तीवर त्यानंतर दरोडा पडलेला नाही. यावरून काही सिद्ध होत नाही : आधीच्या चाळीस वर्षांत बंदूक असतानाही पडला नव्हता. पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. फोनगटावर निरोप गेला तोवर चोर निघून गेले होते.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत भावांनी यंदा अट घातली : माल भरण्याआधी अर्धे पैसे खात्यावर, उरलेले गाडी निघताना, तेही खात्यावरच. दोन व्यापाऱ्यांनी मान्य केलं. तिसरा, जो किलोमागे चार रुपये जास्त देत होता, रोखीवर अडून बसला. थोरल्याने त्याला माल दिला. ती रक्कम मळ्यात एक रात्र राहिली आणि सकाळी धाकटा पिंपळगावच्या बँकेत भरून आला.